दुसरा फर्ग्युसन

फर्ग्युसन हे नाव निघाले की पुणेकराच्या डोळ्यांपुढे कॉलेजची दगडी इमारत उभी राहते आणि पाठोपाठ तो गजबजलेला रस्ता. ज्यांच्या नावाने १८८५ साली हे कॉलेज सुरू झाले, ते सर जेम्स फर्ग्युसन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. कॉलेज निघाले त्याच्या आदल्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १८८४ रोजी, आयर्लंडच्या उत्तर भागात ड्रोमोर गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी आणखी एक फर्ग्युसन जन्माला आला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा रस्ता पुण्यात नाही. परंतु पुण्याबाहेर पडून सोलापूर किंवा सांगलीची वाट धरली, की ते नाव ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेले दिसते. ‘मॅसी फर्ग्युसन’ या जोडनावाचा उत्तरार्ध म्हणजे हे हॅरी फर्ग्युसन.

त्याच वाटेवर उसाच्या हंगामात आणखी एक दृश्य दिसते. उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेला असतो, चढ लागतो आणि ट्रॅक्टरची पुढची दोन चाके हळूच जमीन सोडतात. मोटारीतल्या शहरी माणसाला त्याची गंमत वाटते. चालकाच्या हातात मात्र त्या क्षणी नुसते गोल चक्र उरलेले असते, कारण ज्या चाकांनी दिशा द्यायची ती हवेत असतात. कुठे पुढच्या बाजूला दगड बांधलेले दिसतात, कुठे दोन माणसेच वजन म्हणून बसवलेली. यंत्राची ताकद पुरेशी असते, पण ओझे ज्या जागी आणि ज्या रीतीने जोडलेले असते तिथेच घोटाळा असतो. फर्ग्युसन यांनी ट्रॅक्टरचा शोध लावला नाही. यंत्राला अवजार नेमके कुठे आणि कसे जोडावे, या एका प्रश्नाला त्यांनी सारी उमेद वाहिली. त्याचे त्यांनी दिलेले उत्तर आज जगातल्या बहुतेक प्रत्येक शेती ट्रॅक्टरच्या पाठीशी आहे.

अकरा भावंडांत त्यांचा क्रमांक चौथा. घरात कडक धार्मिक शिस्त, शेतात घोड्यामागची ढोरमेहनत, आणि या दोहोंचाही हॅरीला मनापासून कंटाळा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे कॅनडाला निघून जाण्याचा बेत चालला होता, इतक्यात थोरल्या भावाने बेलफास्टमध्ये सायकल-मोटार दुरुस्तीचे दुकान काढले आणि १९०२ साली हॅरी तिथे उमेदवारीला लागले. सायकलच्या दुकानांनी त्या पिढीला बरेच काही दिले असे दिसते. राइट बंधूंचे सायकलचे दुकान सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही बेळगावात सायकलींपासूनच आरंभ केला आणि १९०३ साली लोखंडी नांगर घडवला. बेलफास्टच्या या पोराला इंजिनाचा आवाज ऐकून दुखणे ओळखता येऊ लागले. लवकरच मोटारसायकलींच्या शर्यती सुरू झाल्या. १९०९ मध्ये विमानांची प्रात्यक्षिके पाहून आल्यावर आपणही विमान बांधायचेच, असे त्यांच्या मनाने घेतले. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, हिल्सबरो येथे सोसाट्याच्या वाऱ्यात त्यांनी स्वतः बांधलेले विमान सुमारे १३० यार्ड उडवून दाखवले. आयर्लंडमधले ते पहिले उड्डाण. विमानाच्या नादावरून भावाशी खटके उडाले आणि १९११ मध्ये हॅरींनी आपले वेगळे दुकान थाटले. माणसांशी जोडलेले नाते तुटण्याची ही पहिली नोंद. पुढे अशा नोंदी बऱ्याच येणार होत्या.

१९१३ मध्ये त्यांनी मॉरीन वॉटसन यांच्याशी विवाह केला. देवधर्म न मानणारा जावई सासरच्या मंडळींना पसंत नव्हता, पण मॉरीनबाई अखेरपर्यंत त्यांच्या पाठीशी राहिल्या. याच सुमारास अल्स्टरच्या राजकीय वादळात ते ब्रिटनशी एकनिष्ठ राहणाऱ्यांच्या बाजूने उतरले आणि १९१४ च्या शस्त्रास्त्रांच्या चोरट्या आयातीतही त्यांनी हात घातला. तो प्रसंग त्यांच्या चरित्रात खटकतो, म्हणून गाळण्याचे कारण नाही. मात्र त्या वर्षाची खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. ‘ओव्हरटाइम’ नावाने विकल्या जाणाऱ्या एका अमेरिकन ट्रॅक्टरची विक्री त्यांच्या दुकानात सुरू झाली आणि ज्या शेतीला कंटाळून ते शहरात आले होते, ती शेती मागल्या दाराने पुन्हा घरात शिरली.

पहिले महायुद्ध पेटले होते. जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजे बुडवत होत्या आणि ब्रिटिश सरकारला जास्तीत जास्त जमीन नांगराखाली हवी होती. १९१७ मध्ये आयर्लंडच्या कृषी खात्याने ट्रॅक्टरच्या कामावर देखरेख करण्याचे आणि शेतकऱ्यांना ते शिकवण्याचे काम फर्ग्युसन यांच्याकडे सोपवले. दुकानातले हुशार कारागीर विल्यम सँड्स यांना घेऊन ते गावोगाव हिंडले. जागोजाग त्यांना एकच चित्र दिसले. नवे कोरे दोन टनांचे यंत्र पुढे, आणि त्याच्यामागे साखळीने बांधलेला घोड्याचा जुना नांगर. शेतकऱ्याने जू काढून घेतले होते आणि त्याजागी इंजिन आणून उभे केले होते, इतकेच. नांगरावर दुसरा माणूस लागे, तो खोल-उथळ करण्यास चाके-दांडे लागत आणि वळताना शेताच्या टोकाला मोठी पट्टी न नांगरलेली राहून जाई.

याहून वाईट गोष्ट जिवावरची होती. हेन्री फोर्ड यांचा स्वस्त आणि हलका ‘फोर्डसन’ ट्रॅक्टर त्याच वर्षी बाजारात आला आणि हजारोंनी खपू लागला. मागे ओढत असलेला नांगर जमिनीतल्या एखाद्या खडकाला किंवा मुळीला अडकला की मागची चाके जागच्या जागी थांबत. इंजिन मात्र फिरतच राही. चाके फिरेनात म्हटल्यावर ती ताकद ट्रॅक्टरच्या धडालाच आसाभोवती फिरवी, पुढचे तोंड वर उठे आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सारे यंत्र उलटे होऊन चालकाच्या अंगावर पडे. अशा अपघातांत शंभराहून अधिक चालक दगावल्याचा दावा १९२२ साली अमेरिकेतल्या एका नियतकालिकाने केला होता. यंत्र तेच, नांगर तोच, जमीनही तीच. मधली साखळी माणसे मारत होती.

फर्ग्युसन आणि सँड्स यांनी आरंभ केला तो नांगरापासून. त्यांचा पहिला नांगर हलका होता, त्याला स्वतःची चाके नव्हती आणि तो ट्रॅक्टरच्या अंगालाच बसवलेला होता. ट्रॅक्टरच्या आसनावरून एका दांड्याने तो उचलता येई. पुढे फोर्डसनसाठी त्यांनी वर-खाली अशा दोन दांड्यांची जोडणी काढली. नांगर अडकला तरी वरची दांडी ट्रॅक्टरला पुढे रेटी आणि तोंड वर उठू देत नसे. कल्पना किती फर्ग्युसन यांची आणि किती सँड्स यांची, हा हिशेब आज मांडणे अवघड आहे. कागदावर नाव मालकाचे राहिले. हाताने घडवून पाहणारा माणूस बहुधा सँड्स हाच होता आणि तो अनेकदा वैतागून काम सोडून जाई, पुन्हा परतही येई.

१९२० च्या सुमारास फर्ग्युसन हा नांगर घेऊन अमेरिकेत खुद्द हेन्री फोर्ड यांच्यापुढे उभे राहिले. प्रात्यक्षिक पाहून फोर्ड खूश झाले आणि त्यांनी नोकरी देऊ केली. फर्ग्युसन यांनी ती नाकारली. मग त्यांनी हक्क विकत मागितले, तेही नाकारले. जगातला सर्वांत श्रीमंत कारखानदार आणि बेलफास्टचा एक दुकानदार यांची ती भेट तिथेच संपली. १९२५ मध्ये शर्मन बंधूंना भागीदार करून अमेरिकेत फोर्डसनसाठी नांगर बनवणारी कंपनी निघाली, धंदाही बरा चालला. पण १९२८ मध्ये फोर्ड यांनी अमेरिकेतले फोर्डसनचे उत्पादनच बंद केले. ज्या ट्रॅक्टरला जोडायचे तोच उरला नाही, तेव्हा जोडअवजाराचे काय होणार? फर्ग्युसन यांनी यातून धडा घेतला की परक्याच्या यंत्राच्या भरवशावर अवजार विकू नये. ट्रॅक्टर आणि अवजार हे एकाच विचारातून घडले पाहिजे.

तोवर त्यांच्या हाती एक मोठी गोष्ट आली होती. १९२५ साली त्यांनी ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात अवजाराची खोली तेलाच्या दाबाने, म्हणजे हायड्रॉलिक पद्धतीने, आपोआप राखण्याची योजना होती. तिचे पूर्ण रूप पुढे तीन बिंदूंच्या जोडणीत आले. आज आपल्याकडचा कोणताही ट्रॅक्टर मागून पाहावा. खाली दोन बाजूंना दोन दांड्या आणि मधोमध वर एक तिसरी दांडी दिसेल. गावाकडे तिला ‘टॉप लिंक’ याच नावाने ओळखतात. खालच्या दोन दांड्या अवजार ओढतात. माती नांगराच्या फाळाला अडवते तेव्हा नांगराचा वरचा भाग पुढे कलू पाहतो आणि वरच्या दांडीतून ट्रॅक्टरला पुढे दाबतो. म्हणजे जी ओढ पूर्वी ट्रॅक्टरचे तोंड वर उचलत होती, तीच आता ते खाली धरून ठेवते. शिवाय नांगराचे वजन आणि त्याला खाली खेचणाऱ्या मातीचा जोर मागच्या चाकांवर येतो आणि त्यांची पकड वाढते. त्यामुळे जड ट्रॅक्टरची गरजच संपते.

खरी करामत याच्या पुढची आहे. वरच्या दांडीवरचा दाब एका स्प्रिंगमार्फत हायड्रॉलिकच्या झडपेपर्यंत पोहोचतो. जमीन घट्ट लागली की दाब वाढतो, झडप उघडते आणि नांगर किंचित वर उचलला जातो. जमीन भुसभुशीत झाली की तो पुन्हा खाली येतो. अनुभवी नांगऱ्या मुठीवरचा हात सैल-घट्ट करून जे साधत असे, ते आता तेल आणि स्प्रिंग करू लागले. आणि खडक आडवा आलाच, तर मागच्या चाकांवरचा भार एकाएकी कमी होतो, चाके जागेवर फिरतात आणि ट्रॅक्टर उभाच राहतो. चालकाला काहीच करावे लागत नाही, किंबहुना त्याला करायला वेळही नसतो.

हे सारे जगाला दाखवायचे तर स्वतःचा ट्रॅक्टर हवा होता. १९३३ मध्ये त्यांनी एक नमुना बांधला आणि त्याला काळा रंग दिला. हा ‘काळा ट्रॅक्टर’ लंडनच्या विज्ञान संग्रहालयाच्या संग्रहात आहे. गिअर बनवणारे यॉर्कशायरचे डेव्हिड ब्राउन उत्पादनाला तयार झाले आणि १९३६ मध्ये फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टर बाजारात आला. किंमत २२४ पौंड. त्याच्यासोबत नांगर, सरी पाडण्याचे अवजार आणि दोन प्रकारचे कुळव एवढीच अवजारे होती आणि प्रत्येकासाठी आणखी सव्वीस-अठ्ठावीस पौंड मोजावे लागत.

इथे शेतकऱ्याची बाजूही पाहायला हवी. त्याच्या गोठ्यापाशी वडिलांच्या वेळचा नांगर होता, कुळव होता, आणि बाजारात याहून पुष्कळ स्वस्त फोर्डसन मिळत होता, ज्याला ते जुने सामान बांधता येई. फर्ग्युसन यांचा ट्रॅक्टर घ्यायचा तर जुने सगळे भंगारात काढून नवी अवजारेही त्यांचीच घ्यायची! एकदा या दारातून आत शिरले की दुसऱ्याच्या दुकानात जाण्याची सोय नाही. फर्ग्युसन यांना हा आक्षेप कधी कळलाच नाही असे वाटते. योग्य अवजार योग्य रीतीने जोडले नाही तर यंत्र घेऊन उपयोग काय, असे त्यांचे म्हणणे, आणि ते तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होते. पण बिनचूक असणे आणि परवडणे या दोन गोष्टी आहेत. जेमतेम साडेतेराशे ट्रॅक्टर बनले. ब्राउन यांना अधिक ताकदीचा, बदललेला ट्रॅक्टर हवा होता आणि फर्ग्युसन यांना एक खिळाही बदललेला चालणार नव्हता. ही भागीदारीही मोडली.

ती पुरती मोडण्याआधीच, ऑक्टोबर १९३८ मध्ये, फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर पेटाऱ्यात भरून पुन्हा अमेरिकेला गेले. डिअरबॉर्न येथे फोर्ड यांच्या घरामागच्या शेतात प्रात्यक्षिक झाले. फोर्ड आता पंचाहत्तरीत होते, शेतकऱ्याचा मुलगा ही ओळख मनातून गेलेली नव्हती, आणि चांगला ट्रॅक्टर काढण्याची त्यांची इच्छा अपुरीच होती. त्यांना क्षणात उमगले. दोघे टेबलापाशी बसले आणि ठरले ते असे की, फर्ग्युसन यांनी रचना आणि विक्री पाहावी, फोर्ड यांनी कारखाना आणि पैसा पुरवावा. वकील नाही, कागद नाही, साक्षीदार नाही. दोघांनी हात मिळवले. कोट्यवधी डॉलरांचा एवढा मोठा व्यवहार असा केवळ शब्दावर झाल्याची उदाहरणे उद्योगाच्या इतिहासात विरळाच.

१९३९ च्या जूनमध्ये नवा ट्रॅक्टर आला. वजन जेमतेम टनाहून थोडे अधिक, किंमत ५८५ डॉलर. फर्ग्युसन यांच्या जोडणीमुळे तो त्याच्याहून पुष्कळ जड ट्रॅक्टरांच्या तोडीचे काम करी. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीतही १९४७ पर्यंत असे तीन लाखांवर ट्रॅक्टर बनले. पण म्हातारे फोर्ड थकत गेले आणि १९४५ मध्ये नातू हेन्री फोर्ड दुसरे यांनी सूत्रे हाती घेतली. त्यांना दिसले ते एवढेच की, कंपनी ट्रॅक्टर बनवून तोटा सोसते आणि विक्रीचा नफा दुसराच कोणी घेऊन जातो. आजोबांच्या हस्तांदोलनाचे ओझे त्यांना वाटले नाही. १९४६ च्या अखेरीस त्यांनी करार संपत असल्याचे कळवले. १९४७ च्या एप्रिलमध्ये आजोबा वारले आणि त्याच उन्हाळ्यात फोर्ड कंपनीचा नवा ट्रॅक्टर बाजारात आला. विक्रेते नवे, नाव नवे, पाठीमागची तीन बिंदूंची जोडणी मात्र तीच.

फर्ग्युसन यांनी जानेवारी १९४८ मध्ये दावा लावला. मागणी पंचवीस कोटी डॉलरांहून अधिक. खटला चार वर्षे रेंगाळला आणि साक्षीपुराव्यांचे ढीग जमले. कागदावर काहीच नव्हते हे दोन्ही पक्षांना सारखेच गैरसोयीचे ठरले असावे. अखेर एप्रिल १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरांवर तडजोड झाली. मागितल्याच्या मानाने रक्कम लहान होती आणि वकिलांचा खर्चही अफाट झाला होता. तरी फर्ग्युसन यांनी तो नैतिक विजय मानला. पण मूळ पेटंटांची मुदत तोवर संपत आली होती. पुढे कोणीही ही जोडणी वापरू लागले आणि तिची मापे आंतरराष्ट्रीय मानकांत गेली. आज एका कंपनीचा रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला बिनदिक्कत बसतो, तो त्यामुळे. १९३६ च्या शेतकऱ्याला जे हवे होते ते त्याच्या नातवाला मिळाले, आणि तेही फर्ग्युसन यांच्या मनाविरुद्ध.

इंग्लंडमध्ये मात्र त्यांचे दिवस चांगले होते. कॉव्हेंट्री येथील बॅनर लेनच्या युद्धकालीन कारखान्यात स्टँडर्ड मोटर कंपनीने १९४६ पासून त्यांचा करड्या रंगाचा ट्रॅक्टर बनवायला घेतला. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये पोलादावर कडक नियंत्रण होते. ते मिळवून देण्यात व्यापारमंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स यांची मदत झाली. १९४२ च्या क्रिप्स शिष्टाईतले हेच ते क्रिप्स. हिंदुस्थानात अपयशी ठरलेले हे गृहस्थ ट्रॅक्टरच्या बाबतीत यशस्वी झाले म्हणायचे! १९५६ पर्यंत असे पाच लाखांवर ट्रॅक्टर बाहेर पडले आणि ब्रिटिश शेतकरी त्याला लाडाने ‘छोटी करडी फर्गी’ म्हणू लागला.

या ट्रॅक्टरबरोबर आता चार नव्हे, डझनावारी अवजारे मिळत. नांगर, कुळव, गवत कापणी, खड्डे खणणारा गिरमिट, लाकूड कापण्याची करवत, माती वाहण्याचे सुपडे, आणि शेणखत भरण्यासाठी पुढे बसणारा लोडर. या लोडरच्या वाकड्या बाहूंमुळे लोकांनी त्याला ‘केळे’ हेच नाव ठेवले.

लोडरची गोष्ट जरा निराळी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे, कारण तो आता आपल्याकडेही गावोगाव दिसतो. नांगराचा धोका मागे असतो, लोडरचा पुढे. भरलेले ओझे पुढच्या आसावर येते, मागची चाके हलकी होतात आणि पकड सुटते. ओझे उंच उचलून वळण घेतले तर ट्रॅक्टर कुशीवर जातो. म्हणून पुढे लोडर लावायचा तर मागच्या तीन दांड्यांना तोलाचे वजन लावावे लागते. आणि पुढच्या टोकाला काय लावायचे, हे माल पाहूनच ठरते. गवताचा गुंता असलेल्या शेणखतात सपाट धारेची बादली घुसत नाही, तिथे दात्यांचा काटा हवा. मुरूम किंवा खडी काट्यातून गळून जाते, तिथे बादलीच हवी. पण शेणखताच्या मापाने घेतलेली मोठी बादली खडीने भरली तर ओझे दुपटीच्याही वर जाते, आणि तेवढे पेलण्यासाठी तो ट्रॅक्टर बनवलेलाच नसतो. बादली केवढी, हा प्रश्न विकत घेणारा सहसा पैशांच्या हिशेबाने विचारतो. फर्ग्युसन यांनी तो तोलाच्या हिशेबाने विचारायला लावला असता. त्यांचे विक्रेते शेतकऱ्याच्या शेतावर जाऊन प्रत्येक अवजार जोडून, चालवून दाखवत. शेतकऱ्यांना आणि कामगारांना शिकवण्यासाठी शाळा चालवल्या जात.

स्वभावाने ते विलक्षण काटेकोर होते. लहानखुरी अंगलट, नीटनेटका पोशाख, टेबलावर कागद सरळ रेषेत. ट्रॅक्टरच्या आणि अवजारांच्या बहुतेक साऱ्या नट-बोल्टांना दोनच मापांचा एक पाना लागावा, हा त्यांचा हट्ट होता. त्या पान्यावर इंचांच्या खुणाही असत, म्हणजे तोच शेतात मोजपट्टीचे काम करी. चिखलात उभ्या माणसाला हत्यारांची पेटी धुंडाळावी लागू नये, हा त्यामागचा विचार. प्रात्यक्षिकासाठी ते दोरीने आखलेला एक छोटा चौकोन घेत, त्यात ट्रॅक्टर घालून कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत नांगरत आणि चाकाचा माग न ठेवता बाहेर येत. लंडनच्या क्लॅरिजेस या उच्चभ्रू हॉटेलात त्यांनी ट्रॅक्टर चालवून दाखवला होता. नाटकीपणा होताच. पण त्यामागे एक कळकळही होती. घोड्यांच्या चाऱ्यासाठी अडकलेली जमीन मोकळी झाली, नांगरणी स्वस्त झाली, तर धान्य स्वस्त होईल आणि जगातली गरिबी हटेल, असे ते सरकारांना पत्रे लिहून लिहून सांगत. एका जोडणीतून जगाचे अर्थशास्त्र सुधारेल ही आशा भाबडी होती. मात्र ती खोटी नव्हती, ते स्वतः तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवून होते.

१९५३ मध्ये त्यांनी आपला सारा व्यवसाय कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला. मोबदला एक कोटी साठ लाख डॉलरांच्या समभागांचा. त्यात दहा लाखांचा फरक वादात राहिला, तेव्हा फर्ग्युसन यांनीच नाणेफेक करू या असे सुचवले. ते हरले आणि हसत दहा लाख डॉलर सोडून दिले. नांगराच्या फाळाच्या एका अंशासाठी वर्षानुवर्षे भांडणाऱ्या माणसाने हे करावे याचे नवल वाटते. नव्या कंपनीचे ते अध्यक्ष झाले, पण मोठ्या ट्रॅक्टरच्या रचनेवरून वर्षभरातच बिनसले आणि १९५४ मध्ये ते बाहेर पडले. भाऊ, ब्राउन, फोर्ड, मॅसी! लोखंडाचे दोन तुकडे कसे जोडावेत हे त्यांच्याइतके कोणाला कळले नाही, आणि माणसाशी मात्र त्यांचे कुठेच फार काळ जुळले नाही. पुढे कंपनीच्या नावातून ‘हॅरिस’ गळाले आणि १९५८ मध्ये ‘मॅसी फर्ग्युसन’ उरले. त्याच कंपनीच्या सहकार्याने १९६० मध्ये मद्रासला ‘टॅफे’ ही कंपनी स्थापन झाली आणि ते नाव दक्षिणेतून आपल्या शिवारांत आले.

१९५८ च्या जानेवारीत एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते बदल करून पट्टे चढवलेल्या करड्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर बसून. जमिनीवरून गाडीने ध्रुवापर्यंत जाण्याची ती पहिलीच वेळ. फर्ग्युसन तेव्हा कंपनीत नव्हते. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांतल्या अॅबट्सवुड या आपल्या मोठ्या घरात ते चारही चाकांना ताकद देणारी सुरक्षित मोटार घडवण्याच्या नादात होते. ती कोणा कारखान्याने घ्यावी म्हणून पैसा ओतत होते आणि कोणी घेत नव्हते. झोप लागत नसे. औदासीन्याचे झटके पूर्वीपासून येत, ते आता वाढले. २५ ऑक्टोबर १९६० रोजी, शहात्तराव्या वाढदिवसाला दहा दिवस उरले असता, ते घरातच मृत अवस्थेत आढळले. शरीरात झोपेच्या औषधाचे प्रमाण अधिक होते. चूक झाली की हेतुपुरस्सर घेतले, याविषयी चौकशीत निर्णय खुला ठेवण्यात आला.

त्यानंतर वर्षभराच्या आत, १९६१ मध्ये, त्यांच्या संशोधन कंपनीने बांधलेल्या चार-चाकी ताकदीच्या शर्यतीच्या मोटारीने ऊल्टन पार्कच्या ओल्या रस्त्यावर गोल्ड कप जिंकला. चालक होते स्टर्लिंग मॉस.